चावी कुणाच्या हाती?

मैत्रिणींनो, घरातली चावी कुणाकडे असते यावरून त्या घरातलं बरंच काही कळतं, हो की नाही? सासूबाईंच्या कमरेचा जुडगा सुनेच्या कमरेला यायला आपल्या आधीच्या पिढीत वर्षानुवर्षं लागायची. गावाला जाताना शेजारणीकडे चावी ठेवायची तर तिचा निदान पाच-सात वर्षांचा शेजार तरी हवा. कपाटाची चावी तर नवऱ्यालाही सापडू नये अशा ठिकाणी, तूरडाळीच्या डब्यात वगैरे! आणि अशा आपण बायका शहरातल्या लग्नाला गेलो की हॉलच्या फाटकात उभ्या असलेल्या, नावगाव माहीत नसलेल्या पोराच्या हातात अख्ख्या गाडीची चावी टेकवून आत जातो आणि जिलेबी खात बसतो. याला म्हणतात 'व्हॅलेट पार्किंग'. तुम्ही दारात उतरायचं, गाडी दुसऱ्यानं नेऊन लावायची, परत निघताना बिल्ला दाखवला की गाडी दारात हजर.

आमच्या हिंगोलीत अजून तरी हा थाट फारसा नाही. कार्यालयाच्या शेजारचं मोकळं रान हेच पार्किंग. कडुलिंबाच्या सावलीत कुणाची गाडी आणि उन्हात कुणाची, यावरून वरपक्षात रुसवेफुगवे होतात, तेवढंच. पण पोरं पुण्या-मुंबईला गेली, तिथं लग्नं व्हायला लागली, आणि हा प्रश्न आपल्याही दारात आला.

गेल्या मे महिन्यात नात्यातलं एक लग्न पुण्याला होतं. आमच्या वन्संचा मुलगा तिकडंच नोकरीला. त्यानं नुकतीच एक स्पोर्ट्स कार घेतली होती. कुणाची तरी वापरलेलीच, पण परदेशी. दोन दारं, लालभडक रंग, आणि इतकी बसकी की काठपदर नेसून आत बसायचं म्हणजे आधी वाकायचं, मग बसायचं, मग पाय आत ओढून घ्यायचे! मागं सीट आहे म्हणे, पण तिथं आहेराच्या पिशव्याच काय त्या बसतात. 'एवढ्या पैशात वसमतकडं बागायत आली असती,' हे वन्संचं पालुपद. ते काही खोटं नाही. पण पोराची हौस. कर्ज काढून, हप्ते भरून केलेली.

तर हॉलच्या फाटकात काळं जाकीट घातलेला एक मुलगा पुढं आला आणि त्यानं हात पुढं केला. भाच्यानं स्टिअरिंग घट्ट धरलं. मागं गाड्यांची रांग, भोंगे सुरू. 'मामी, देऊ का चावी?' मी म्हणलं, 'आधी त्याला विचार, गाडी लावणार कुठं?' रस्त्यापलीकडच्या मोकळ्या प्लॉटमध्ये, असं उत्तर आलं. 'आणि चावी कुठं ठेवणार?' त्यानं बोट दाखवलं. फाटकाशी एक टेबल, त्यावर प्लायवूडची फळी, फळीला खिळे, खिळ्यांना चाव्या. टेबलापाशी चिटपाखरू नाही! भाच्यानं नम्रपणे सांगितलं, 'मीच लावतो, जागा तेवढी दाखव.' मुलानंही तितक्याच नम्रपणे दाखवली.

पण प्रकरण तिथं संपलं नाही. मुलीच्या काकांनी ते पाहिलं होतं. 'काय, आमच्या माणसांवर भरवसा नाही वाटतं?' असं ते हसत हसत म्हणाले. ते हसणं कसलं असतं ते तुम्हाला सांगायला नको. वन्सं जेवेपर्यंत गप्प होत्या. 'एका गाडीपायी यजमानाचा मान ठेवला नाहीस,' हे त्यांनी पोराला परतीच्या वाटेवर ऐकवलंच. तो म्हणाला, 'आई, सचिननं तरी दिली असती का गं फेरारीची चावी?'

बघा, मराठी माणसाला महागडी स्पोर्ट्स कार म्हटलं की आठवते ती सचिन तेंडुलकरची लाल फेरारी. ब्रॅडमनच्या २९ कसोटी शतकांची बरोबरी केल्याबद्दल फियाट कंपनीनं ती त्याला दिली. २००२ साली मायकेल शूमाकरच्या हातून चावी मिळाली. पुढं ती भारतात आणताना सीमाशुल्काच्या माफीवरून २००३ मध्ये गदारोळ झाला. शुल्काची रक्कम एक कोटीच्या वर होती आणि ती शेवटी कंपनीनं भरली. २०११ मध्ये सचिननं ती गाडी सुरतच्या एका व्यावसायिकाला विकली. त्याच गाडीवर २०१२ साली आपल्या राजेश मापुसकरांनी 'फेरारी की सवारी' हा सिनेमा काढला. आठवतो का? त्यातला बाप पोराच्या क्रिकेटपायी पैशाला अडलेला. एका पुढाऱ्याच्या पोराच्या लग्नाच्या वरातीसाठी सचिनची फेरारी आणून दे, पैसे देते, असं त्याला एक बाई सांगते. तो सचिनच्या घरी जातो आणि तिथल्या नोकराचा गैरसमज होऊन चावी आयती त्याच्या हातात पडते. पुढची सगळी गंमत त्यातून. सिनेमागृहात आपण पोट धरून हसलो. पण गोष्टीचं मूळ काय, तर चावी देणाऱ्यानं 'तू कोण?' हे नीट विचारलं नाही!

सिनेमाचं सोडा. खऱ्या आयुष्यात अशी गाडी गेली तर काय, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. महिलांच्या कामासाठी मला हिंगोलीच्या कोर्टात अधूनमधून जावंच लागतं. तिथं ओळखीच्या वकीलताई आहेत. त्यांना विचारलं, तर त्या म्हणाल्या, 'यावर सर्वोच्च न्यायालयाचाच निकाल आहे की. स्पोर्ट्स कार नव्हती, साधी मारुती झेन होती.'

गोष्ट ऐकण्यासारखी आहे. १ ऑगस्ट १९९८ ची रात्र, दिल्लीतलं ताज महाल हॉटेल. एक पाहुणा अकराच्या सुमारास आला, गाडी आणि चावी दारातल्या माणसाकडं दिली, बिल्ला घेतला. बिल्ल्यावर नेहमीचं छापलेलं होतं की गाडी मालकाच्या जबाबदारीवर. रात्री एकच्या सुमारास तो बाहेर आला तर गाडी नाही. झालं असं की, तीन तरुण आपल्या गाडीतून त्याच हॉटेलात आले होते. निघताना त्यांनी आपली गाडी मागवली, आणि त्या गडबडीत त्यांच्यातल्या एकानं या झेनची चावी उचलली आणि गाडी घेऊन पसार झाला. गाडी काही सापडली नाही. विमा कंपनीनं मालकाला २ लाख ८० हजार रुपये दिले आणि मग त्या पैशासाठी हॉटेलच्या मागं लागली. राज्य आयोग, राष्ट्रीय आयोग असं करत प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं. निकाल लागला १४ नोव्हेंबर २०१९ ला. म्हणजे झेनसाठी एकवीस वर्षं!

निकाल मात्र आपल्या कामाचा आहे. न्यायालय म्हणालं की, चावी हातात घेतली म्हणजे गाडी तुमच्या ताब्यात आली. ती धड परत देण्याची जबाबदारी तुमची. 'मालकाच्या जबाबदारीवर' असं बिल्ल्यावर छापून स्वतःच्या किंवा स्वतःच्या नोकरांच्या निष्काळजीपणातून सुटता येत नाही. आणि गाडी गेली तर आम्ही काळजी घेतली होती हे हॉटेलनं दाखवायचं. हॉटेल निष्काळजी होतं हे सिद्ध करत पाहुण्यानं फिरायचं नाही. वकीलताईंनी मला १८७२ सालच्या करार कायद्याचं कलम १५१ वाचून दाखवलं. दुसऱ्याची वस्तू सांभाळायला घेतली तर साधारण शहाणा माणूस त्याच परिस्थितीत स्वतःच्या तेवढ्याच मापाच्या, त्याच प्रतीच्या आणि तेवढ्याच किमतीच्या वस्तूची जेवढी काळजी घेईल, तेवढी घ्यायची. सगळ्या प्रकारच्या सांभाळायला दिलेल्या वस्तूंना हे लागू. पैसे घेतले की फुकट सांभाळली, हा प्रश्नच नाही.

मला हे कलम फार आवडलं. आपण सोनाराकडं पाटल्या उजळायला देतो, शिलाईवाल्या ताईकडं पैठणीचं कापड देतो, गिरणीत दळणाचा डबा ठेवून भाजी आणायला जातो. सगळं याच कलमात बसतं! आणि त्यातला 'किमतीच्या' हा शब्द बघा. शहाणा माणूस डब्यातले गहू जसे सांभाळतो तशा पाटल्या सांभाळत नाही. पाटल्या जास्त सांभाळतो. तसंच कोटभर रुपयांची गाडी हातात घेणाऱ्यानं ती खिळ्यांच्या फळीच्या भरवशावर सोडायची नसते.

आता यातली गंमत म्हणजे, चावी आपल्याच पर्समध्ये ठेवून आपणच गाडी लावली, तर ती वस्तू सांभाळायला दिली असं सहज म्हणता येत नाही. नुसती जागा वापरली, एवढंच. म्हणजे कायद्याच्या अंगानं बघितलं तर चावी देऊन बिल्ला घेणाऱ्याची बाजू न देणाऱ्यापेक्षा भक्कम! हे मी भाच्याला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, 'मामी, खटला जिंकायचा नाही गं मला, गाडी पाहिजे.' एकवीस वर्षांचा हिशेब बघता त्याचंही चूक कसं म्हणू?

खरं तर माझं मत तोवर भाच्याच्याच बाजूला झुकलेलं होतं. ते थोडं हललं ते आमच्या बचत गटाच्या बैठकीत. हा सगळा किस्सा मी रंगवून सांगत होते, बायका हसत होत्या. एक मावशी तेवढ्या गप्प. सेनगावकडच्या आहेत, दोन एकर कोरडवाहू, सोयाबीन आणि तूर. बैठक संपल्यावर जवळ येऊन म्हणाल्या, 'ताई, माजं पोरगं त्येच काम करायलंय की पुण्याला. गाड्या लावायचं. मागल्या महिन्यात पगारातून पैशे कापले त्याचे. गाडीला चरा पडला म्हणून.'

मुलगा दसऱ्याला घरी आला. हिंगोलीचा दसरा म्हणजे रामलीला मैदानावर गर्दीच गर्दी, पाळणे, दुकानं. तिथून परतताना मायलेक आमच्याकडं चहाला आले. बारावी झालेला, तेवीस-चोवीस वर्षांचा. आधी टेम्पो चालवायचा. मी विचारत गेले आणि तो सांगत गेला. ते सगळं ऐकल्यावर व्हॅलेट पार्किंग म्हणजे काय ते मला खरं कळलं.

पहिली गोष्ट म्हणजे तो हॉलचा नोकर नाही. हॉलनं काम ठेकेदाराला दिलेलं. ठेकेदाराची पोरं आज या लग्नात, उद्या त्या हॉटेलात. संध्याकाळी सातच्या मुहूर्ताला पाऊण तासात दीड-दोनशे गाड्या येतात आणि पोरं असतात आठ-दहा. एक जण बिल्ला फाडतो, एक गाडी नेतो, एक चावी अडकवतो. 'काकू, चावीवर नंबर आणि बिल्ल्यावर नंबर एकच पाहिजे, आणि चावीपाशी एक माणूस कायम बसून पाहिजे. पण गर्दी झाली की ठेकेदार त्यालाच उठवतो, म्हणतो, तूपण गाडी ने.' म्हणजे त्या फळीपाशी चिटपाखरू नव्हतं त्याचं कारण हे! दिल्लीच्या प्रकरणातही चावीच नको त्या हाती लागली होती, नाही का?

मग मी त्याला स्पोर्ट्स कारचं विचारलं. त्याचे डोळे चमकले. चमकणारच हो! वर्षाला एक-दोनदा अशी गाडी हाताला लागते म्हणाला. 'पण भ्यावच वाटतं. आमाला कुणी शिकवलेलं नसतंय.' फेरारीसारख्या गाड्यांत म्हणे गिअरचा दांडाच नसतो. स्टिअरिंगच्या मागं दोन पट्ट्या, आणि मागं घ्यायला बटण. काही गाड्यांचा जोरच असा की पायाचं वजन पडलं तरी गाडी उडी मारते. नाक इतकं खाली की तळघराच्या उताराला लागलंच समजा. काही गाड्यांना नाक वर उचलायचं बटण असतं, पण ते कुठं आहे हे मालक सांगेल तेव्हा! मागची चाकं रुंद, ती फुटपाथच्या कडेला घासतात. आणि मालक काय करतो? 'नीट लाव रे' एवढंच म्हणून निघून जातो. टेम्पो चालवलेल्या पोराला 'नीट' म्हणजे काय हे कळायचं कसं?

पोरं गाडी पळवतात का, हे मी स्पष्टच विचारलं. तो थोडा हसला. 'काही जण फोटू काढतात, रील काढतात. एखादा प्लॉटमध्ये एक चक्कर मारतो.' म्हणजे भाच्याची भीती अगदीच निराधार नाही. ही भीती जगभर आहे. अमेरिकेत शेव्हरोले कंपनीनं २०१५ च्या कॉर्व्हेट गाडीत यासाठी खास सोय केली. मालकानं ती चालू केली की गाडी परक्याच्या हातात असताना कॅमेरा चित्रण करत राहतो, वेग किती गेला तेही नोंदवतो. पण परवानगीशिवाय माणसाचं बोलणं ध्वनिमुद्रित करणं तिथल्या काही राज्यांत बेकायदेशीर ठरू शकतं, म्हणून कंपनीलाच ग्राहकांना सावध करावं लागलं. पोरगं काय बोलतं तेही कशाला ऐकायचं म्हणा! आता बऱ्याच महागड्या गाड्यांत 'व्हॅलेट मोड' असतो. तो लावला की गाडीचा जोर आणि वेग मर्यादेत राहतो, डिकी आणि समोरचा कप्पा उघडत नाही. भाच्याच्या गाडीतही तो निघाला! वर्षभर चालवत होता, माहितीपुस्तिका मात्र उघडून पाहिली नव्हती. आपण मिक्सर घेतला तरी आधी कागद वाचतो.

परवान्याचं विचारलं तर या मुलाकडं होता. पण सगळ्यांकडं असतोच असं नाही, हे तोच म्हणाला. हे मात्र गंभीर आहे. परवाना नसलेल्या माणसाला गाडी चालवू दिली तर मोटार वाहन कायद्याप्रमाणे मालकही दोषी ठरतो, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही. आणि अपघात झाला तर विमा कंपनी आधी परवानाच मागते. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला पोर्शे गाडीनं दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. चाकामागं सतरा वर्षांचा मुलगा होता असं पोलिसांचं म्हणणं. ते व्हॅलेटचं प्रकरण नव्हे. पण एवढ्या ताकदीच्या गाडीची चावी कुणाच्या हातात जातेय हे पाहण्याचं काम चावी ज्याची त्याचंच, हे त्या पहाटेनंतर वेगळं सांगावं लागू नये.

तर मग द्यायची की नाही चावी? माझ्यापुरतं मी ठरवलंय ते सांगते. पोराचा चेहरा बघून नाही, चाव्या कुठं ठेवतात ते बघून ठरवायचं. कुलूपबंद पेटी किंवा निदान जागेवर बसलेला माणूस, गाडीचा नंबर लिहिलेला बिल्ला, आणि गाडी आवारातच लागणार की रस्त्यापलीकडं याचं सरळ उत्तर, एवढं मिळालं तर खुशाल द्यावी, मग गाडी लाखाची असो की कोटीची. नाही मिळालं तर 'जागा दाखवा, आम्हीच लावतो' असं गोड बोलून सांगावं. यजमान रागावले तर रागावू देत. लग्नातला रुसवा चार दिवसांत जातो, गाडीचे हप्ते पाच वर्षं चालतात. वन्संना हे पटलेलं नाही, हेही सांगून टाकते.

द्यायचीच तर मग बायकांनी एक काम करावं, कारण पुरुष ते करत नाहीत. गाडीच्या चावीच्या छल्ल्यातून घराची चावी आधी काढून घ्यायची! समोरच्या कप्प्यात गाडीची कागदपत्रं, त्यावर घरचा पत्ता, छल्ल्यात घराची चावी, आणि घरचे सगळे लग्नात. चोराला आणखी काय पाहिजे? दागिन्यांचा डबा डिकीत ठेवून चावी देणं तर नकोच. आणि पोराच्या देखत गाडीचे चारी बाजूंनी फोटो काढायचे, आकड्यांच्या काट्यासकट, म्हणजे किती किलोमीटर झाले ते कळतं. यात त्या पोराचा अपमान नाही. त्याचीही सुटका त्यातच आहे, ते पुढं सांगते. बटणावर सुरू होणाऱ्या गाड्यांत आणखी एक भानगड होते. इंजिन चालूच असतं, मालक किल्ली खिशात घालून आत निघून जातो, पोरगं गाडी नेऊन बंद करतं आणि मग ती सुरूच होत नाही! अशा वेळी भर मांडवात माईकवरून गाडीचा नंबर पुकारतात, तो यामुळंच. आणि गाडीत काही वेगळं असेल, नाक खाली आहे, रिव्हर्सचं बटण इथं आहे, तर ते अर्धा मिनिट थांबून दाखवावं. आपण नव्या मोलकरणीला कुकरची शिट्टी दाखवतोच ना?

गाडी परत घेताना घाईघाईनं बसून निघू नये. उजेडात एक फेरी मारावी. चरा दिसला तर तिथंच, बिल्ला परत देण्याआधी, लिहून घ्यावं. विम्याचा दावा करता येतो, पण छोट्या चऱ्यासाठी केला तर पुढच्या वर्षीची हप्त्यातली सवलत जाते. दावा न केलेल्या वर्षांची ती सवलत वीस टक्क्यांपासून पन्नास टक्क्यांपर्यंत वाढत गेलेली असते, तेव्हा हिशेब करून ठरवावं. हॉलवाल्यानं हात वर केले तर आपल्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडं जाता येतं. २०१९ च्या नव्या ग्राहक कायद्यानं ही मोठी सोय केलीय. गाडी पुण्यात चेपली तरी तक्रार आपण राहतो तिथं, हिंगोलीत करता येते. मुदत दोन वर्षांची. आधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करून पाहावा, मराठीत बोलतात.

आता मावशींच्या मुलाच्या पगाराचं. चरा त्याच्याकडून पडला होता का? तो म्हणतो, गाडी आली तेव्हाच होता. मालक म्हणाला, नव्हता. फोटो कुणाकडंच नाही. ठेकेदारानं मालकापुढं हात जोडले आणि पोराच्या पगारातून आठ हजार कापले. विचारलं नाही, सवरलं नाही. आठ हजार म्हणजे मावशींच्या घरात रब्बीच्या बियाण्याचे पैसे.

आपण घाबरतो आपल्या गाडीला चरा पडेल म्हणून, आणि तिकडं पोरगं घाबरतं आधीच पडलेल्या चऱ्याला. आता तो गाडी घेताना स्वतःच्या मोबाईलवर फोटो काढतो. मालक लोक ओरडतात, 'फोटो कशाला काढतोस?' एखादी एमएच-३८ ची गाडी आली की मात्र त्याला बरं वाटतं म्हणाला. हिंगोलीकडचं माणूस, बोलेल तरी नीट.

वकीलताईंना मी हेही विचारलं. त्या म्हणाल्या, वेतनाच्या कायद्यात, जुन्या १९३६ च्या कायद्यात काय आणि आताच्या वेतन संहितेत काय, नुकसानीपोटी पगार कापायला बंधनं आहेत. कामगाराच्या ताब्यात दिलेल्या वस्तूचं नुकसान थेट त्याच्याच निष्काळजीपणानं झालेलं पाहिजे, नुकसानीपेक्षा जास्त कापता येत नाही, आणि कापण्याआधी त्याला आपली बाजू मांडू द्यावी लागते. इथं तर त्याला एका शब्दानं विचारलेलं नाही.

मावशी आधी तयार नव्हत्या. 'नोकरी जाईल ताई पोराची, राहू द्या.' गटातल्या बायकांनीच त्यांना धीर दिला. मुलाशी फोनवर बोलून, त्याच्या नावानं ठेकेदाराला रजिस्टर पोस्टानं पत्र पाठवलंय. कोणत्या तारखेला, कोणत्या गाडीसाठी, कशाच्या आधारावर पैसे कापले ते लेखी कळवा, एवढंच विचारलंय. पोचपावती आली, उत्तर नाही. त्याला आता तीन आठवडे झाले. पुढच्या बैठकीपर्यंत वाट बघायची आणि मग पुण्याच्या कामगार कार्यालयात अर्ज द्यायचा असं ठरलंय. भाचा म्हणतो, अर्ज द्यायला मी त्याच्यासोबत जातो. त्याच लाल गाडीतून नको जाऊस म्हणजे झालं, असं मी त्याला बजावून ठेवलंय.